ल्यूडरच्या कुत्र्याची परीक्षा

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण हे घडलंय. माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या, फोल्कमारच्या डोळ्यांदेखत.

गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरातलं आमचं जंगल. दुपारचे चार.

त्या मोसमात फोल्कमारच्या गोळीने दोन हरणं जखमी होऊन पळाली. ती सापडलीच नाहीत. आमच्याकडे यासारखी लाज नाही. शिकारी मंडळाने त्याला तोंडावर सांगितलं, माग काढणारा कुत्रा आण, नाहीतर बंदूक खाली ठेव.

मंडळातला सगळ्यात जुना शिकारी बुर्गहार्ट. तो म्हणाला, "अरे, पळणारा कुत्रा घेऊ नकोस. पळायला हरीण आहेच की! संथ बघ. लांब कानांचा, नाक जमिनीला लावून चालणारा. आणि घेतलास की मेलेल्या हरणापाशी एकटा सोडून बघ. त्याने आपणहून तोंड लावलं, तर कुत्रा वाया गेला समज."

पिल्लू शिकवायचं म्हणजे दोन वर्षं. फोल्कमारला घाई. वसंतात वारलेल्या शिकारी ल्यूडरचा तयार कुत्रा होता, बर्को. ल्यूडरच्या बायकोने, हेर्टाबाईंनी, तो फुकट दिला. वर पट्टा आणि वाडगंही दिलं.

"इतका गुणी कुत्रा कुणी असा देतं का रे?" माझी बहीण म्हणाली. फोल्कमारने कानाडोळा केला.

परीक्षेसाठी बुर्गहार्टने त्या शनिवारी दुपारी मारलेलं हरीण, पोट न फाडता, मोकळ्या जागेत ठेवलं. शेजारी बर्कोला सोडलं. तो आणि फोल्कमार तीस पावलांवर झाडीत लपले.

बर्को बसला. हरणाकडे बघेचना.

तो हरणाच्या पलीकडे बघत होता... वर... समोर उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसा.

त्याची शेपटी हलायला लागली.

वारा पडला होता. एक पाखरू बोलत नव्हतं.

आणि मग... फर्रर्र!

हरणाचं पोट आपोआप फाटलं. आतडी गवतावर सांडली. तो गरम, आंबूस वास फोल्कमारच्या थेट घशात गेला.

मग चावण्याचा आवाज. मचमच... ओला... मधेच थांबून दात चोखल्याचा.

तिथे कुणी नव्हतं.

काळजाचा एक तुकडा हवेतून बर्कोपुढे पडला. त्याने तो शहाण्यासारखा खाल्ला.

शेवटी हरणाचा जबडा उघडला... आणि दातांमध्ये हिरवी डहाळी सरकली. मारलेल्या हरणाला शिकारी शेवटचा घास देतो ना, तशी.

फोल्कमार भडाभडा ओकला.

बुर्गहार्टचा चेहरा पांढराफटक. "आपणहून तोंड लावलं नाही," तो कसाबसा म्हणाला. "पास." आणि मागे न बघता निघून गेला.

त्यानंतर बर्कोने चार जखमी हरणं शोधून दिली. फोल्कमारची बंदूक वाचली. पण प्रत्येक हरणाचं पोट खाल्लेलं, तोंडात डहाळी. मंडळात तो कोल्ह्यांचं नाव सांगतो. आणि उरलेलं मांस घरी आणतो. शी!

डिसेंबरात माझ्या बहिणीने त्याला कुत्रा परत करायला धाडलं. हेर्टाबाईंनी दार उघडलंच नाही. आतूनच बोलल्या, "घेऊन जा रे बाबा त्याला! तो जाईपर्यंत रोज माझ्या स्वयंपाकघरात ते मचमच ऐकलंय मी. आता आमचे हे तुमच्याकडे जेवतात. मला झोप लागते."

बहिणीला मी इकडे बोलावून घेतलंय. फोल्कमार तिथेच आहे, बर्कोसोबत.

म्हणतो, मोसम तर संपू दे.

भीती वाटते ती वेगळी. पण आता मला फोल्कमारचीच किळस येते.