आर्लोच्या नळीचं माप

आमच्या खोऱ्यात रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या हव्या असल्या की लोक मला फोन करत नाहीत. माझ्या ओसरीवर कॉफीचा जुना डबा आहे, त्यात शिशाचा एक तुकडा टाकून जातात. तो ज्याने त्याने घरीच बनवायचा: मऊ शिशाला तेल लावायचं, ते नळीच्या तोंडात बसवायचं, लाकडी दांडी टेकवून हातोडीने ठोकत पलीकडून बाहेर काढायचं. नळीचं माप आणि आतल्या पीळदार चरांच्या खुणा त्याच्यावर उमटतात. मी तो तुकडा मोजते आणि त्याहून केसभर जाड गोळ्या ओतून देते. गोळी बारीक पडली तर जाळ बाजूने निसटतो, शिसं नळीला चिकटतं, आणि मग हीच माणसं माझ्या नावाने बोंबलत येतात. कारखान्याने छापलेल्या मापावर विसंबणाऱ्यांना मी दारातूनच वाटेला लावते.

प्रत्येकाचा तुकडा मी अंड्यांच्या पुठ्ठ्यात चिठ्ठी लावून ठेवते. पहिला तुकडा आर्लोचा, माझ्या धाकट्या भावाचा. त्याचं रिव्हॉल्व्हर आजोबांचं. एवढी रुंद नळी वायोमिंगच्या या भागात दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि तिच्या पाच चरांपैकी एक मधेच उथळ होता. दोन हिवाळ्यांमागे तो एल्क हरणाच्या मागावर डोंगरात गेला. तोही परतला नाही, रिव्हॉल्व्हरही नाही.

मे महिन्यात त्याची बायको नेडीन आली. कॉफीला हात न लावता म्हणाली, "शनिवारी स्मशानात त्याच्या नावाचा दगड बसवतेय. रिकामी शवपेटी पुरायला मन होत नाही गं, व्हर्ना. त्याचा तो तुकडा दे."

"शिशाचा तुकडा पुरणार तू?"

"त्याचं बोट आहे का तुझ्याकडे? नाही ना? मग तोच दे."

दिला. देताना मला तिचा भयंकर राग आला होता. ती त्याला सोडून द्यायला तयार झाली होती, आणि मी नव्हते. शनिवारी वाऱ्याने पाद्रीबाबांची टोपी उडवली, लोकांनी हॅम आणि बटाटे खाल्ले आणि घरी गेले. वारा पुढेही थांबला नाही. रात्रंदिवस ओसरीवरचा डबा खुळखुळत राहायचा.

पुढच्या आठवड्यात डब्यात एक तुकडा सापडला. नवं शिसं चकाकतं, चार दिवसांत काळवंडतं. हा चकाकत होता. मी तो मोजला, मग भिंगाखाली धरला. पाच चर, त्यातला एक मधेच उथळ.

मी आधी स्मशानात गेले. शवपेटीवर बसवलेली हिरवळ जशीच्या तशी होती, कोणी उकरलं नव्हतं. मग नेहमीसारखी मागच्या दाराने, न विचारता, नेडीनच्या स्वयंपाकघरात शिरले आणि तुकडा टेबलावर ठेवला.

"त्याला गोळ्या हव्यात," मी म्हटलं.

"देऊ नकोस."

"माझा भाऊ आहे तो."

"आणि माझा नवरा होता. होता, व्हर्ना." तिने तुकडा फडक्याने माझ्याकडे सरकवला, बोट लावलं नाही. "तिकडे कोणाला मारायचंय त्याला? विचारलंस का स्वतःला?"

मी विचारलं नव्हतं. पण गोळ्या ओतल्या नाहीत.

दुसरा तुकडा आला तो ओरखडलेला, चरांत तांबूस गंज. तिसऱ्यावर चर जेमतेम दिसत होते. बर्फात पडून नळी आतून खाल्ली जात होती. मला ते पाहवेना. गोठ्यातली भट्टी पेटवली, जुना साचा काढला, नेडीनला न सांगता पेटीभर गोळ्या ओतल्या आणि पेटीवर नेहमीसारखं 'आर्लो' लिहून ती डब्यात ठेवली.

पेटी तशीच राहिली. पावसाचा थेंब नसताना तिचा पुठ्ठा भिजून फुगला, पण एकही गोळी हलली नाही. उगाच नाही. तशा नळीत आता कुठलीच गोळी धरणार नव्हती. मी उशीर केला होता, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

मंगळवारी सकाळी डब्यात पुन्हा तुकडा होता. लहानसा, सहा स्वच्छ चर, गंजाचा मागमूस नाही. मला हायसं वाटलं. एखादं साधं, जिवंत गिऱ्हाईक असणार.

मोजला. माप ओळखीचं वाटलं, म्हणून अंड्यांचा पुठ्ठा काढला.

चर जुळले ते नेडीनच्या तुकड्याशी. लग्नात आर्लोने तिला दिलेलं ते छोटं रिव्हॉल्व्हर.

मी फोन लावला.

"नेडीन, तुझं रिव्हॉल्व्हर कुठंय?"

"वर, कपाटात. कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात आहे. का गं?"

"तू माझ्या डब्यात तुकडा टाकलास?"

"मी कशाला टाकू?" ती थांबली. "तू बोलतेयस कुठून?"

"घरून."

ती अगदी हळू म्हणाली,

"मघापासून वर लाकडावर हातोडी वाजतेय. मला वाटलं, तूच आलीयस."