उलट्या पिळाचा दोरा

इचलकरंजीच्या ज्या शेडमध्ये अक्काताई चौगुल्यांचे यंत्रमाग खडखडायचे, तिथे आता एक जेट विमान उभं होतं. रिमोटवर उडणारं, म्हणजे म्हटलं तर खेळणंच. पण लांबी तीन मीटर आणि पोटात खरंखुरं टर्बाइन. अक्काताई त्याच्या उजव्या पंखात दोरा ओवत होत्या आणि अभियंता इरफान मुजावर टॉर्च धरून उभा होता.

दोरा साधा नव्हता. कार्बनच्या सूक्ष्म तंतूंना पीळ भरून केलेला तो स्नायुदोरा. किंचित वीज सोडली की तापून त्याचा पीळ थोडा उलगडे, आणि उलगडता उलगडता पुढे जोडलेली वस्तू तो फिरवी. विमान उतरताना पंखामागचे फ्लॅप, म्हणजे हलत्या झडपा, खाली न्यायला त्यामुळे मोटर लागत नव्हती. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर हा दोरा सारखा तुटायचा. चाळीस वर्षं सुतात गेलेल्या अक्काताईंनी मात्र आपल्या जुन्या पिळणीच्या यंत्रावर तो जमवला, आणि याचा त्यांना चांगलाच तोरा होता.

विमान ही नुसती परीक्षा होती. जेटच्या थरथराटात दोरा बारा मिनिटं टिकला, तर डॉक्टर नेर्लेकर त्याचेच, बोटं हलवणारे हातमोजे लकवा झालेल्या रुग्णांना घालणार होत्या. यादीत पहिलं नाव अक्काताईंच्या नवऱ्याचं, बापूंचं. दोन वर्षं त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. नमुन्याचा हातमोजा घेऊन डॉक्टर आजच चार वाजता येणार होत्या.

"दाबतो हं बटण," इरफान म्हणाला.

डावा फ्लॅप खाली आला. उजवा वर गेला.

"असं उतरायला गेलं तर पालथंच पडेल की!" इरफानने सगळ्या वायरी तपासल्या. एकही चुकलेली नव्हती.

"दोन्हीकडं... पीळ एकच हाय," कोपऱ्यातल्या खुर्चीतून बापू अडखळत म्हणाले.

अक्काताईंचा चेहरा पडला. मध्येच पीळ बदलला की कापडावर पट्टा उमटतो, म्हणून जन्मभर त्यांनी एकसारखा पीळ राखला होता. पण एक पंख म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. तिथे पीळही उलटा हवा होता.

"माझंच चुकलं रे इरफान," त्यांना रडू फुटलं. "आन् यंत्र तर एकाच बाजूला फिरतंय. आता कसा व्हायचा उलटा पीळ?"

बापूंनी डावं बोट हवेत फिरवलं. एकेकाळी गावातले निम्मे माग त्यांनीच दुरुस्त केले होते. "पट्टा... आठाच्या आकड्यात घाल."

यंत्राचं चाक फिरवणाऱ्या पट्ट्याला तिढा दिला की चाक उलटं फिरतं, एवढं साधं!

"अवो, मग मगाशीच का न्हाई बोललासा?"

"इचारलं कुणी?"

तीनपर्यंत नवा दोरा पंखात बसला. चारला डॉक्टर आल्या आणि माळावर विमान सुटलं. अक्काताईंना वर बघवेना. त्या बापूंचा निपचित हात धरून बसल्या. बारा मिनिटांनी दोन्ही फ्लॅप एकदम खाली आले आणि विमान दोन उसळ्या घेऊन टेकलं. इरफान ओरडतच धावत सुटला.

डॉक्टरांनी बापूंच्या उजव्या हातात हातमोजा चढवला. मेंदूकडून येणारी क्षीण आज्ञा टिपायला दंडावर एक चकती चिकटवली. "बापू, बोटं मिटा."

काही झालं नाही. बापूंच्या कपाळावर घाम आला. आणि मग अक्काताईंनी पुढे केलेल्या तळहाताभोवती ती पाच बोटं हळूहळू, पण घट्ट मिटली.

अक्काताई सगळ्यांदेखत ढसाढसा रडल्या. डोळे पुसले, आणि मनात शंका आली. "अवो, खरं सांगा. माझा हात तुमी दाबलासा, का दोऱ्यानं?"

बापूंनी बराच विचार केला.

"मला बी कळंना झालंय," ते म्हणाले. मग हाताकडे एकटक बघत त्यांनी विचारलं, "परत दाबू?"