शिडी काढण्याआधी मोजा

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी पटवून घेऊ नये. मलाही अजून नीट पटलेली नाही.

सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे कुणी जीव मुठीत धरून बसायला नको. मात्सुए आत्या घर सोडून गेली नाही.

आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. ते ठरायला अजून तीन तास आहेत.

जपानमधल्या निइगाताच्या डोंगरातलं कामिनुमा गाव. फेब्रुवारी. तीन दिवस वादळ झालं आणि चौथ्या दिवशी रस्ता उघडला. मी आत्याच्या दारात पोचलो तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. लख्ख ऊन होतं. अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे; पण रात्रीची वाट बघण्याइतका संयम सगळ्यांकडे नसतो.

माझ्या खिशात घरात काय काय तपासायचं याची नऊ कलमांची यादी होती. आत्याचा मुलगा कात्सुहिको सेंदाई शहरात असतो, त्याने फोनवर पाठवलेली. त्याचं म्हणणं सरळ होतं.

"इत्सुकी, घरात एक थेंब जरी गळत असला ना, तरी मी आईला इकडे आणणार. सहाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे."

आत्या अठ्ठ्याहत्तरची. दोन्ही गुडघे गेलेले. सहाव्या मजल्याचं नाव काढलं की तिला एकदम ऐकू येईनासं होतं.

म्हणजे ती पडझड लपवणार, हे मी धरूनच आलो होतो.

"कुठे गळतंय, आत्या?"

"तुझं नाक गळतंय. आत ये."

मी यादी घेऊन फिरलो.

उत्तरेच्या खिडकीवरची फळी वादळात तुटली होती. तिचे तुकडे बर्फात पडलेले दिसले. पण खिडकीवर नवी फळी होती. तीन खिळे, एका रेषेत.

माळ्यावर गेलो. एक वासा तडकलेला होता आणि त्याला खालून टेकू दिलेला होता. टेकूचं लाकूड ताजं कापलेलं. भुसासुद्धा झाडून एका कोपऱ्यात लावलेला.

भुसा झाडणारा सुतार मी आजवर पाहिलेला नाही. पहिली भीती मला तिथेच वाटली.

"आत्या, हे कुणी केलं?"

"वादळानं."

"मोडलं वादळानं. खिळे कुणी मारले?"

"तू मुळ्याचं लोणचं खाणार का?"

मी बाहेर येऊन घराभोवती बघितलं. कमरेइतका बर्फ. दारापर्यंत माझ्या पावलांची एक ओळ...

दुसरी नव्हती.

शेजारी कुसाका काका राहतात. एकाहत्तर वर्षांचे, विधुर, कसबी हाताचे. मी मनात खटला निकाली काढला आणि त्यांना गाठलं.

"काका, आत्याचं घर तुम्ही दुरुस्त केलंत. लाजू नका."

ते लाजले. संशय वाढला.

"अरे पोरा, माझं दार दोन दिवस उघडत नाहीये. आज खिडकीतून बाहेर पडलोय मी. आणि काल दुपारी वहिनींकडे ठोकाठोक ऐकू येत होती. मला वाटलं, तूच आलायस."

काल रस्ता बंद होता.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं, आणि त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

यादीतलं शेवटचं कलम राहिलं होतं: छपरावरचा बर्फ. आमच्याकडे हे काम एकट्याने करत नाहीत. खाली एक माणूस उभा राहतो आणि मधून मधून हाक मारतो. वरून उत्तर आलं नाही तर धावायचं. काम झाल्यावर सगळे खाली उतरून मोठ्याने आपापला आकडा म्हणतात, शेवटच्या आकड्यानंतर क्षणभर थांबतात, आणि मगच शिडी काढतात.

मी कमरेला दोर बांधून वर गेलो. खाली काका.

"आहेस का?"

"आहे."

फावडं, बर्फ, धप्प. पत्रा एका ठिकाणी फाटला होता, त्यावर तुकडा बसवून स्क्रू आवळलेले. आता मी आश्चर्य वाटून घेणं बंद केलं होतं.

"आहेस का?"

"आहे."

"मग दोनदा कशाला ओरडतोस? बहिरा नाहीये मी."

मी एकदाच ओरडलो होतो.

कौलाच्या... नाही, पत्र्याच्या पलीकडच्या उतारावर, छपराच्या कण्याच्या मागे... फावड्याचा आवाज येत होता. माझं फावडं माझ्या हातात होतं. थांबलेलं.

मी इतक्या वेगाने उतरलो की दोर सोडायचं शिडी संपल्यावर आठवलं.

"एक," काका म्हणाले.

"दोन," मी म्हणालो आणि शिडी उचलून आडवी केली. थांबलो नाही. दोघंच तर होतो. थांबायचं कुणासाठी?

आत रॉकेलची शेगडी पेटलेली होती. आत्या चहा ओतत होती.

चार कप.

"शिडी काढलीत?" तिने विचारलं.

"हो."

"मोजलंत?"

"मोजलं. दोन."

तिने किटली खाली ठेवली. आत्या घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

"तो अजून वर आहे रे."

मग वरून... पत्र्यावर तीन टकटक. अगदी कडेला, जिथे शिडी होती तिथे.

आणि आवाज. दमलेला, अदबीचा.

"शिडी लावता का?"

काका मोज्यांवर बाहेर पळाले. शिडी लावली आणि पाठ फिरवून उभे राहिले. मी दारातून जमिनीकडे बघत होतो.

शिडीला अकरा पायऱ्या. एकेक वाजत गेली. मी मोजल्या.

दहा.

अकरावी... वाजलीच नाही.

आम्ही वळलो तेव्हा शिडी रिकामी होती. खालचा बर्फ कोरा.

"कोण आहे तो?" मी आत्याला विचारलं.

"मदतीला आलेल्या माणसाला नाव विचारतात का?" ती म्हणाली. "तीन हिवाळे येतोय. तेवढ्या काळात कात्सुहिको एकदाही आला नाही. आता लिही तुला काय लिहायचं ते."

मी नऊही कलमांपुढे 'ठीक' लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. दहावं कलम कात्सुहिकोने ठेवलंच नव्हतं.

आत्या तिथेच आहे. मी रोज फोन करतो. ती म्हणते, सगळं छान. कधी कधी ती बोलत असताना मागे कुणीतरी कप खाली ठेवतं. मी विचारत नाही.

फक्त पालिकेच्या इमारत विभागाकडे अर्ज केला आहे: सदर घराच्या छपरावरील व्यक्ती शिडीवरून पूर्णपणे उतरली किंवा कसे, याची अधिकाऱ्यांमार्फत प्रत्यक्ष पाहणी होऊन तसा शिक्क्यासह दाखला मिळावा, आणि उतरली असल्यास ती सध्या घरात नेमकी कुठे आहे, हेही त्याच दाखल्यात नमूद करावे, ही नम्र विनंती.