जेद्दाचा नवरा

"बसा ना वहिनी," असं म्हणून तो उठला आणि इश्राकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाहेर मे महिन्याचं ऊन सुदानमधल्या उमदुर्मान शहराला भाजून काढत होतं. मिनीबसच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. अशा वेळी कुणी जागा दिली तर गुपचूप बसावं, एवढं शहाणपण तिला होतं. पण वहिनी? सव्वीस वर्षांच्या, अजून साखरपुडासुद्धा न झालेल्या मुलीला?

"कुणाची वहिनी?" तिनं विचारलं.

तो गोंधळला. उंच, शिडशिडीत, खांद्यावर हत्यारांची पिशवी. डोळे मात्र उगाचच हसरे.

"म्हणजे... कुणाची तरी असालच ना—"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. इश्राका बसली नाही. तिनं उतरायची खूण म्हणून चुटकी वाजवली, बस थांबली, आणि ती दोन थांबे आधीच उतरून तरातरा चालायला लागली. मोसंबी रंगाचा पदर गरम वाऱ्यावर फुगत होता. ती इतकी रुबाबदार दिसत होती की कोपऱ्यावरची चहावाली किटली हातात धरून नुसती बघत राहिली.

सगळं खापर त्या तोबवर फुटत होतं. साडेचार मीटरचं तलम सुती कापड, अंगाभोवती गुंडाळायचं आणि पदर डोक्यावरून खांद्यावर टाकायचा. कचेरीतल्या पोरींनी पांढरा नेसला तर चालतो. रंगीत नेसते ती मात्र लग्नाचीच. बिनलग्नाच्या मुलीनं पायघोळ स्कर्ट घालायचा, मनगटापर्यंत बाह्या, गळ्याशी घट्ट बांधलेला रुमाल, तेही पंचेचाळीस डिग्रीत! मागच्या उन्हाळ्यात त्याच पोशाखात इश्राका भर बाजारात चक्कर येऊन पडली होती. शुद्धीवर आली तेव्हा अंगावर आईचा जुना तोब होता आणि त्यातून वारा आरपार जात होता. त्या दिवशी तिनं स्कर्ट ट्रंकेत टाकले ते कायमचे.

आईनं कपाळाला हात लावला. "अगं, लग्न होऊ दे. मग नेस हवे तेवढे."

"आई, उन्हाला कळतं का कोण लग्नाची नि कोण बिनलग्नाची?"

"उन्हाला नाही, पण लोकांना कळतं."

"मग लोकांनीच बसावं उन्हात!"

आणि नेसायची तीही कशी! आत बिनबाह्यांचा सुती झगा, डाव्या खांद्यावर सैल सोडलेला पदर, कानात लांब चांदीचे डूल, पायात टाचेच्या चपला. आज मोसंबी, उद्या पिस्ता, परवा फिका जांभळा. आरशासमोरून हलताना तिला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटायचं. मग घराबाहेर पडलं की वाणी विचारायचा, "मुलं बरी आहेत ना, मावशी?" आणि साऱ्या दिवसाचा विचका व्हायचा.

इश्राका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. बसमधून उतरून चालत ती घामाघूम होऊन पोचली, तर खिडकीतला कूलर बंद पडलेला. तासाभरानं मेकॅनिक आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी...

"तुम्ही!" ती म्हणाली.

"मी बाबिकर," तो ओशाळून म्हणाला. "मघाशी काही चुकलं असेल तर माफ करा, वहिनी."

पुन्हा वहिनी! ती दात-ओठ खात काउंटरमागे उभी राहिली. बाबिकरनं कूलरचा पंप सोडवला, ओला भुसा बदलला. काम करताना त्याची नजर जमिनीवर होती, आणि जमिनीवर तिची पावलं होती. स्वच्छ, कोरी. लग्न झालेली बाई पावलांवर काळी मेंदी काढते, आणि नवरा लांब असला की ती पुसट होऊ देते, हे उमदुर्मानमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानं आपलं गणित मांडलं. तोब आहे, मेंदी नाही.

"साहेब परदेशी असतात वाटतं?" त्यानं हळुवारपणे विचारलं.

तो इतक्या सहानुभूतीनं बोलला की इश्राकाचा संताप डोक्यात गेला. कोरे पाय दिसूनही या माणसाला सरळ उत्तर सुचत नव्हतं! नवरा नसेलच, असं मनात येऊ नये?

"हो," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "जेद्दाला. चार वर्षं झाली."

"चार वर्षं!" पाना त्याच्या हातातून पडला. "आणि सुट्टी?"

"येत नाही."

"फोन?"

"ईदला करतो. कधीकधी."

बाबिकरनं मान खाली घालून पंप बसवला. जाताना कूलरचं तोंड त्यानं थेट तिच्या खुर्चीकडे वळवून ठेवलं.

चार दिवसांनी पंप बिघडला. मग पट्टा तुटला. मग पाणी गळायला लागलं. दरवेळी बाबिकर यायचा, काम दहा मिनिटांचं करायचा आणि तासभर रेंगाळायचा. येताना चिंचेचं गार सरबत आणायचा. "दोन घेतली तर स्वस्त पडतं," असं म्हणायचा. ते खोटं होतं.

"आज पिस्ता," एकदा तो म्हणाला. "परवा जांभळा होता. सगळा बाजार घामानं चिकटलाय आणि तुम्ही नुकत्याच न्हाऊन आल्यासारख्या. कसं काय?"

"कापड कळावं लागतं. तुम्हाला फक्त पंप कळतात."

"मग शिकवा."

"आधी डोळे तपासून घ्या. तुम्हाला समोरचं दिसत नाही."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, बॅटरी घेतली आणि वाकली. "वर बघा... आता माझ्या कानाकडे... कानाकडे म्हटलं!"

"कानाकडेच बघतोय."

"डोळ्यांत बघताय."

"मध्ये येतात ना..."

त्याच्या बाहुलीत इवलासा पिस्ता रंग चमकत होता. श्वास घ्यायचा राहून गेला आहे, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. त्या क्षणी तिला सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण काय सांगणार? रागाच्या भरात चार वर्षांचा नवरा जन्माला घातला, म्हणून? तिनं बॅटरी विझवली.

"नजर उत्तम आहे," ती म्हणाली. "डोकं दुसरीकडे दाखवा."

आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिला त्या दुपारी कळलं. आणि तिला त्याचाच राग आला.

पुढच्या आठवड्यात बाबिकर आला तो सरबताशिवाय. हत्यारांची पिशवीही त्यानं उघडली नाही.

"उद्यापासून आमच्या दुकानातला दुसरा माणूस येईल. मी पोर्ट सुदानला काम घेतलंय."

"का?" तिनं विचारलं.

"हा पंप मी मुद्दाम बिघडवला." तो जमिनीकडे बघत होता. "पट्टा ब्लेडनं कापला. तुमच्या यजमानांना मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की देवानं पाप लिहून ठेवलं असेल. चांगली बाई चार वर्षं अशी टाकून... पण तो नवरा आहे. आणि मी कोण? म्हणून जातो. इथं राहिलो तर काहीतरी बोलून बसेन."

"थांब," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत. "नवरा नाहीये."

"गेले?" तो दचकला. "अल्ला त्यांना—"

"मेला नाही रे! नव्हताच कधी. मी खोटं बोलले. तू सारखं वहिनी वहिनी करत होतास म्हणून!"

बाबिकर भडकला.

"म्हणजे तीन आठवडे मी एका नसलेल्या माणसावर जळत होतो? घरी माझं हसणंच बंद झालं होतं. आई विचारायची, पोटात दुखतं का!"

"मग पाय बघत होतास ना? कोरे पाय बघून सरळ विचारायचं!"

"लग्न नाही, तर मग तोब का?"

"उकडतं म्हणून!" ती ओरडलीच. "दुसरं काय कारण लागतं? मला उकडतं, आणि मी यात छान दिसते. दोन्ही गोष्टी मला पुरेशा आहेत."

तो हसायला लागला. ते हसणं इतकं मोकळं होतं की तीही हसली. मग तो पुढे झाला, काउंटरवर दोन्ही हात टेकवले. "इश्राका, मी आईला घेऊन येऊ? बोलणी करायला?"

तिनं मान हलवली. हो... होच.

"फक्त एक कर," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी स्कर्ट आणि रुमाल घाल. एक दिवस. आईचा उगाच गैरसमज नको, की आधी एकदा लग्न मोडलंय वगैरे..."

इश्राकाचं हसू विझलं. वाण्यापेक्षा, बसमधल्या लोकांपेक्षा हे जास्त लागलं, कारण हा आपला होता.

"तुला जी आवडली ती हीच," ती म्हणाली. "आईला दुसरीच कुणीतरी दाखवायची? आणि लग्नानंतर काय सांगशील, बदलून मिळाली?"

"एका दिवसाचा तर प्रश्न—"

"अशाच एका दिवशी मी बाजारात चक्कर येऊन पडले होते, बाबिकर. पोर्ट सुदानची गाडी पकड."

तो गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा मेकॅनिक आला आणि त्यानं पंप असा दुरुस्त केला की तो पुन्हा बिघडायचं नावच घेईना. पाच दिवस इश्राका त्या गार वाऱ्यात बसून धुमसत होती. आई म्हणाली, "एवढ्याशा कापडापायी..." तिनं जेवणाचं ताट सरकवलं आणि उठून गेली. खोलीत जाऊन रडली. पण स्कर्टांची ट्रंक काही उघडली नाही.

सहाव्या दिवशी ऐन दुपारी दुकानाचं दार उघडलं. दारात बाबिकर, आणि त्याचा हात धरून धापा टाकत आलेली एक जाडजूड, घामानं डबडबलेली बाई. न कळवता, न सांगता. इश्राका फिक्या जांभळ्या तोबमध्ये काउंटरमागे ताठ उभी राहिली. पदरसुद्धा सावरला नाही.

त्याच्या आईनं तिला वरून खालपर्यंत बघितलं. मग मुलाकडे वळून स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबिकर, ही तर लग्नाची बाई दिसते."

इश्राकानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी तो बोलला, आणि सरळ तिच्याकडे बघत बोलला.

"नाही आई. तिला उकडतं."

आईनं पदराच्या टोकानं मान पुसली. कूलरसमोर जाऊन उभी राहिली, डोळे मिटले, वारा घेतला.

"मलाही उकडायचं," ती म्हणाली. "लग्नाआधी. उन्हाळेच्या उन्हाळे. पण असं म्हणता येतं, हेच कुणी सांगितलं नव्हतं."

इश्राकानं आपली खुर्ची ओढून कूलरसमोर आणली आणि सासूला बसवलं.