दोन्ही झडपा

"आई गुरुवारी आणि शुक्रवारी जमिनीवर पडून होती," मुलगा म्हणाला, "आणि दोन्ही सकाळी तिची खिडकी उघडी होती. ती कुणी उघडली, तेवढं मला शोधून द्या."

वहिनींनी चष्मा पुसायला घेतला. शोध घ्यायचं काम त्यांचं. ते लिहून घ्यायचं काम भावोजींचं, म्हणजे त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या धाकट्या भावाचं. भावोजींचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि डोकं जरा उशिरा पेट घेई. वहिनी खोटं बोलत नसत. त्यापायी त्यांनी दोन गिऱ्हाइकं आणि एक सख्खी बहीण गमावली होती.

मुलाने गावची रीत सांगितली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने सकाळी उठलं की रस्त्याकडची खिडकी उघडायची. सायकलवरून पाव विकणारा जाता जाता बघतो. खिडकी बंद दिसली की दार ठोठावतो. आई पाव फक्त शनिवारी घ्यायची. त्या शनिवारी खिडकी उघडी होती, पण हाकेला ओ आली नाही. पाववाला आत गेला, तर ती स्वयंपाकघरात पडलेली.

डॉक्टर म्हणाले होते, बुधवारी संध्याकाळी पडल्या, खुबा मोडला, जीव शुक्रवारी दुपारी गेला. गुरुवारी कुणी पोचलं असतं तर वाचल्या असत्या. भावोजींनी ही ओळ लिहून खाली रेघ मारली.

पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवले होते. गावाने मात्र आपला निकाल लावला होता. शेजारी दोन वर्षांपूर्वी एक जोडपं राहायला आलं होतं, पुस्तकं बांधणारं. दोन वर्षांनंतरही गाव त्यांना 'नवे' म्हणे. त्यांनी म्हातारीची मागची खोली कामासाठी मागितली होती आणि ती नाही म्हणाली होती. त्यांच्या कुंपणापासून तिच्या खिडकीपर्यंत गवत तुडवलेलं होतं. मग आणखी काय पाहिजे? येत्या रविवारी त्यांना घर सोडायला सांगायचं ठरलं होतं.

"या नव्यांना खिडकीची रीत माहीत होती?" वहिनींनी विचारलं.

"गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे."

"आणि तुमचं आईशी कसं होतं?"

मुलगा खाली बघत म्हणाला, की तो वर्षभर तिला शहरात चल म्हणत होता. एकदा जरी आजारी पडलीस तरी उचलून नेईन, असं त्याने बजावलं होतं.

दुपारी वहिनी आणि भावोजी गावात पोचले. पाववाला रडवेला झाला होता. त्याला वाटे, आपणच नीट बघितलं नाही. उलट गेला महिनाभर म्हातारी खुशीत असावी, असं तो समजत होता. पूर्वी ती गावातल्या सगळ्यांसारखी एकच झडप अर्धवट ढकलायची, हल्ली दोन्ही झडपा सताड उघड्या, भिंतीवरच्या आकड्यात अडकवलेल्या असत. आतला पडदा मात्र ओढलेला.

समोर राहणारा सुतार तुटक बोलला. महिन्यापूर्वी म्हातारीने त्याच्याकडून खिडकीची आतली कडी काढून घेतली होती. गंजली म्हणाली. नवी बसवतो म्हटलं, तर नको म्हणाली. सुताराने तेव्हा फार विचार केला नव्हता.

स्वयंपाकघरात वरची फळी रिकामी होती. तिथे डब्यांच्या बुडांचे गोल उमटले होते आणि डबे सगळे खाली, कमरेच्या उंचीवर मांडलेले होते. आतल्या खोलीत उशाशी दुखण्यावर चोळायच्या तेलाच्या तीन रिकाम्या बाटल्या. भावोजींनी बाटल्या मोजल्या आणि पुढे काय करायचं ते न कळून पुन्हा मोजल्या.

नव्यांच्या घरी बाईच्या बोटांना खळ लागलेली होती. दोन वर्षांत आपल्याशी कुणी धड बोललं नव्हतं आणि आता तर बघतही नाहीत, असं ती म्हणाली. तुम्ही आजींकडे गेला होतात का, यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. "घरात गेले नाही," ती म्हणाली. "बाकीचं सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

"बघा, लपवतायत," बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले.

"लपवतायतच. पण कुणासाठी, ते बघा."

संध्याकाळी वहिनींनी मुलाला, पाववाल्याला, सुताराला आणि नव्या जोडप्याला म्हातारीच्या स्वयंपाकघरात बोलावलं.

"मरण लपवायला कुणी खिडकी उघडली असती, तर गुरुवारपासून उघडली असती," त्या म्हणाल्या. "ही खिडकी महिनाभर आधीपासून तशी उघडली जात होती. आकडे बाहेरच्या भिंतीवर आहेत, म्हणजे उघडणारं माणूस बाहेर उभं होतं. आणि कडी काढून त्याला वाट करून दिली ती खुद्द आजींनी. का? वरची फळी बघा. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. झडप ढकलणं जमत नव्हतं. बंद राहिली असती तर गाव धावून आलं असतं, गावाने मुलाला कळवलं असतं, आणि मुलगा उचलून घेऊन गेला असता."

मुलगा भिंतीला टेकला.

"गावातल्या कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण गावात प्रत्येकाला खिडकीचा अर्थ ठाऊक. म्हणून अर्थ ठाऊक नसलेलं माणूस त्यांनी निवडलं. गावातलं माणूस एकच झडप ढकलतं. यांनी दोन्ही उघडल्या, कारण यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षांत कुणी सांगितलं का?"

"मला वाटलं, तू सांगितलं असशील," सुतार पाववाल्याला म्हणाला.

"कसला अर्थ?" नव्या बाईने विचारलं.

वहिनींनी खिडकीची रीत सांगितली. हळूहळू, पण सगळी सांगितली. आज नाही तर उद्या कुणीतरी सांगणारच होतं, आणि ते माणूस धड असेल याचा भरवसा नव्हता.

"त्या म्हणाल्या, मला उशिरा जाग येते, हाक मारू नका," बाई म्हणाली. "सकाळी नुसती खिडकी उघडून जा, रात्री लोटून घ्या. ऊन आलं की बरं वाटतं. आणि हाताचं कुणाला सांगू नका." नवऱ्याने तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला. "मी तीन दिवस उघडली. तिन्ही दिवस. त्या तेव्हा... जिवंत होत्या?"

वहिनींनी चष्मा काढला आणि पुसलाच नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "पडल्या तशाच गेल्या. बुधवारीच."

बाईने मुलाकडे पाहिलं. आई त्याची गेली होती आणि हवं तर हे ओझं तो दुसऱ्याच्या माथी मारू शकत होता.

"डॉक्टर तसंच म्हणाले," तो म्हणाला.

"हो, तसंच," सुतार म्हणाला. त्याच्यामागून पाववाल्यानेही मान हलवली. मग सुताराने कोपऱ्यातलं स्टूल उचललं, फडक्याने पुसलं आणि बाईपुढे ठेवलं. ती बसली आणि रडू लागली.

रविवारचं पुढे कुणी काही बोललं नाही.

भावोजींनी वही उघडली. डॉक्टरांच्या म्हणण्याची, रेघ मारलेली ती ओळ शोधली आणि खालची अक्षरं दिसणार नाहीत इतकी नीट खोडली. या वेळी त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.