पाटाची चौथी कड

रोज पहाटे स्नान झालं की निरांजन लावायचं, पोथीचा एक अध्याय वाचायचा, मगच पाणी प्यायचं. वीस वर्षांचा नेम आहे माझा. बसायला वडिलांनी केलेला बाभळीचा पाट. नाथा सुतारांची मी एकुलती लेक. पाटाच्या कडा तेवढ्या रंधायच्या राहिल्या आणि वडील गेले. त्या खरबरीत कडेला पदर अडकला की त्यांनीच धरून ठेवल्यासारखं वाटतं, म्हणून मीही त्या कधी कुणाकडून साफ करून घेतल्या नाहीत.

जुने रंधे ओळखायला वडिलांनीच शिकवलं. रंधा केवढा जुना, कुठल्या काळातला, हे विचारायला आजही लोक माझ्याकडे येतात. गेल्या सोमवारी आमच्या गावातल्या द्वारका चौकाजवळचा फर्निचरवाला मुबीन तीन रंधे घेऊन आला.

"ताई, आमचे दादाजी अंथरुणाला खिळलेत. रहेमान मिस्त्री. घरातलं कुणी ओळखू येत नाही त्यांना. एकच धोशा, माझा रंधा द्या."

"मग द्या की."

"कुठून देऊ? दुकान आवरताना मीच सगळी हत्यारं भंगारात घातली. अक्कल माझी! त्यातले हे तीन परत मिळाले. हा लोखंडी हातात दिला तर ढकलून दिला आणि लहान पोरासारखे रडले. डॉक्टर म्हणतात, दोन-चार दिवस. आता चुकायचं नाहीये मला."

लोखंडी कारखान्यातला, फार तर तीस वर्षांचा. दुसरा सागवानी. त्याचं पातं वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं, म्हणजे यंत्रावर कापलेलं. साठेक वर्षं झाली असतील. तिसरा शिसवी. पातं धारेकडे जाड, वर पातळ होत गेलेलं, हातोडीने घडवलेलं. हा शंभरी ओलांडलेला. मिस्त्री ब्याऐंशीचे. वयाकडे पाहिलं तर सागवानीच त्यांचा. पण शिसवीवर अंगठ्याच्या जागी पडलेली खोबण मला काही बोलू देईना. खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेम.

"परवापर्यंत सांगते," म्हटलं.

तिन्ही रंधे देवघराखालच्या फळीवर आडवे निजवले. धार टेकू नये म्हणून रंधा कुशीवरच ठेवायचा, ही वडिलांची शिस्त.

मंगळवारी पहाटे शिसवी रंधा उभा होता. पाटाजवळ लाकडाचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ छिलका पडला होता, गोल वळलेला. पाटाची एक कड लोण्यासारखी मऊ झाली होती. घरात मी एकटीच असते. दाराची कडी आतून लावलेली होती. रंधा पुन्हा आडवा केला.

बुधवारी तो पुन्हा उभा. आणखी दोन कडा झालेल्या.

भीती वाटायला हवी होती. पण काम इतकं मायेनं केलेलं होतं, की माझे हात आपोआप जोडले गेले.

मुबीनला फोन लावला. "तुमचे दादाजी रंधा ठेवायचे कसा?"

"उभा! सगळे कारागीर आडवा ठेवतात, यांची ही खोडच. उस्ताद ओरडून ओरडून थकले. शेवटी स्वतःचा रंधाच देऊन टाकला, म्हणाले, ठेव बाबा तुला हवा तसा. का हो ताई?"

"येते मी."

शिसवी रंधा पदराखाली घेऊन रिक्षाने मुबीनच्या घरी गेले. मुबीनची आई शहनाज उशाशी बसली होती. मी रंधा मिस्त्रींच्या हातात दिला. अंगठा नेमका खोबणीत बसला. चेहरा निवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"बेटी, एक बाजू राहिली."

शहनाज चमकली. "महिन्यात पहिल्यांदा दुसरं काही बोलले. कसली बाजू हो?"

मला खोटं बोलता येत नाही. मिस्त्रींना हात जोडले आणि निघाले.

गुरुवारी स्नान करून बाहेर येते तोच मुबीनचा फोन.

"पहाटे गेले, ताई. शांत गेले. रंधा हातातच होता, आत्ता कुठे सोडवला."

निरांजन लावलं. पाटावर बसले.

पदर कुठेच अडकला नाही.

पाटाशेजारी एक छिलका पडला होता. तो अजून हळूहळू वळत होता.