यादीत नसलेलं नाव

शंख वाजला तेव्हा तिरेसा अर्ध्या रस्त्यात होती. गळ्यात कॅमेरा, नजर समुद्रावर... आणि ऊन असं मऊ, पिवळं की धावत सुटावं. ती धावलीच.

"अहो बाई! थांबा. बसा खाली."

कमरेला लुंगीसारखी फुलाफुलांची लावालावा गुंडाळलेला एक उंच तरुण हात आडवा धरून उभा होता. घराघरांतून प्रार्थनेचे सूर येऊ लागले होते. प्रार्थना संपेपर्यंत गावात कुणी पाऊल उचलायचं नाही, हे तिरेसालाही ठाऊक होतं. पण आपियात, शहरात वाढलेल्या मुलीच्या ते ध्यानात राहील तर ना!

"पाचच मिनिटं," ती कुजबुजली. "ऊन चाललंय हो!"

"ऊन उद्या परत येईल. दंड मात्र आजच होईल."

"कसला दंड?"

"एक डुक्कर. आणलंय का पिशवीत?"

हसू दाबत तिरेसा गवतावर बसली. समोर सूर्य बुडत राहिला आणि तिचा जीव खालीवर होत राहिला. "उद्या याच वेळेला मी नवरा-नवरीला त्या किनाऱ्यावर उभं करणार होते," ती म्हणाली.

"एसेताला? ती माझी बहीण. उद्या या वेळेला ती घरात गुडघे टेकून बसलेली असेल. तुम्हीही बसाल." तो जरासा वाकला. "त्या खडकांपाशी पाच वाजता या. डोंगरावरून तिथं असंच ऊन उतरतं. फोटोंसाठी पाहुण्यांना ताटावरून उठवायचं काम माझं. मी सेमिसी."

लग्नाच्या आदल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला जागा पाहून यायची, हा तिरेसाचा पहिला नियम. त्या नियमाने आज तिची अब्रू वाचवली होती... आणि भलत्याच भानगडीत पाडलंही होतं, पण ते तिला अजून कळायचं होतं.

असे नियम तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले होते. बॅटऱ्या दोन, मेमरी कार्डं दोन. नातेवाइकांची यादी नवरीकडून नाही, नवरीच्या आईकडून घ्यायची, कारण कोण रुसेल हे आईलाच माहीत असतं. तीन आठवडे सांगायचे, दोनात द्यायचे. आणि शेवटचा, खाली रेघ मारलेला – फोटो हातात पडेपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरच्या कुठल्याही पुरुषाशी काम सोडून बोलायचं नाही. एकटी मुलगी गावोगाव हिंडून धंदा करते. एकदा नाव खराब झालं की कुठली आई तिला लग्नाला बोलावणार?

लग्नात सेमिसीने पाहुणे उठवले. उन्हात तिच्या डोक्यावर छत्री धरली, जड पेटी उचलली, खडकावर चढताना हात पुढे केला. तिने तो धरला... आणि गरजेपेक्षा क्षणभर जास्तच धरला.

"उद्या आमच्याकडे कोको प्यायला येशील?" तो अहोवरून अगंवर कधी आला, दोघांनाही कळलं नाही.

"फोटो दिल्याशिवाय नाही."

"कधी देणार?"

"तीन आठवड्यांनी."

त्याचा चेहरा पडला. "पंधराव्या दिवशी मी न्यूझीलंडला चाललोय. सफरचंदं तोडायला. सात महिने."

"मग... सात महिन्यांनी कोको," ती म्हणाली. आवाज तिला हवा तितका सहज निघाला नाही.

आपियाला परतून ती कामाला भिडली. पण निवडायला बसावं तर दर पाच-सहा फोटोंनी सेमिसी! ताट वाढताना, छत्री धरताना, उगाचच हसताना. हे तिने काढले कधी? अल्बम बघून सारं गाव ओळखेल, या धास्तीने तिने एक बाजूला काढला. मग दुसरा. मग चोराच्या मनात चांदणं, तसं करत करत सगळेच. शेवटी यादी तपासली. एकसष्ट नावं, एकसष्ट खुणा. तिला हायसं वाटलं.

चौदाव्या दिवशी सकाळी ती अल्बम घेऊन गावात पोचली. सेमिसीची आई, लितियामावशी, चटईवर मांडी घालून एकेक पान उलटू लागली. एसेता हरखली, आत्या-माम्या खूश झाल्या. मावशी मात्र पुन्हा पहिल्या पानावर गेली.

"पोरी, माझा सेमिसी कुठाय?"

तिरेसाने यादीचा कागद पुढे केला. "मावशी... यादीत नाव नव्हतं."

"घरच्या पोराचं नाव यादीत कोण लिहितं गं? उद्या तो चाललाय. सात महिने मी भिंतीकडे काय बघू?" मावशीचे डोळे भरून आले. "मामेबहिणीच्या लेकीचं लग्न आहे, तुझंच नाव सांगणार होते मी..."

दारात सेमिसी उभा होता. तिरेसाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. आता खोटं बोललं तर मावशी सात महिने रिकामी भिंत बघणार. खरं बोललं तर आपली उरलीसुरली अब्रू गेली. तिने पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला.

"काढलेत, मावशी. मी वेगळे ठेवले होते."

"किती?"

"...एकशे बारा."

आधी एसेताला हसू फुटलं. "माझे किती गं अल्बममध्ये? ऐंशी! लग्न कुणाचं होतं?" मग आत्या, मग माम्या. तिरेसाचे कान तापले. चटईखाली शिरता आलं असतं तर ती शिरली असती. मावशी हसली नाही. तिने पेन ड्राइव्ह मुठीत धरला, डोळे पुसले आणि हाक मारली, "अरे, हिला कोको दे. माझे फोटो पोचले. मामेबहिणीला मी आजच फोन करते."

सेमिसी कोकोचा पेला घेऊन आला आणि तिच्यासमोर बसला.

"एकशे बारा?"

"गप बस."

"मी एकही काढला नाही तुझा," तो हळू आवाजात म्हणाला. "तिकडे काय बघू?"

तिरेसाने पेला खाली ठेवला. "काही बघू नकोस. रोज फोन कर. आणि परत येशील तेव्हा विमान किती वाजताचं, ते आधी कळव. मी येईन घ्यायला... कॅमेरा घरी ठेवून."